युटामधील रँचवरचा एक मुक्काम

ब्राइस कॅन्यन आणि कॅपिटल रीफ या राष्ट्रीय उद्यानांच्या दरम्यान धावणारा अमेरिकेतील युटा राज्याचा 12 क्रमांकाचा महामार्ग घाईने उरकण्याजोगा नाही, म्हणून मित्रमंडळींसह निघालेल्यांनी टोरी गावाजवळच्या एखाद्या रँचवर तंबू ठोकून रात्र काढावी, असे मी आग्रहाने सुचवेन. आम्ही उतरलो ती रँच पर्यटकांसाठी उभारलेला देखावा नव्हती. तेथे खरोखरच गुरे पाळली जातात. तंबूची जागा सपाट आणि खडे वेचून स्वच्छ केलेली होती, शेकोटीभोवती लोखंडी कडे होते आणि तारेच्या कुंपणाला अंग घासणाऱ्या काळ्या गाईंचे फुरफुरणे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येत होते.

मुक्कामाचे खरे मोल मात्र आकाशात आहे. कॅपिटल रीफला 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाचे उद्यान) हा दर्जा मिळाला असून, या परिसरात चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी सहज दिसतो. गाव 2,000 मीटरहून अधिक उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही जाड पांघरूण हवेच.

स्वच्छतागृह तंबूंपासून फार लांब होते आणि गरम पाणी लवकर संपले, ही उणीव मालकांनी दूर करायला हवी. न्याहारीत शाकाहाऱ्यांसाठी पॅनकेकपलीकडे काही नव्हते. आम्ही गॅसच्या शेगडीवर पोहे केले. याच महामार्गावरच्या बोल्डर माउंटनच्या घाटात हरणे व गुरे रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वीच रँचवर पोहोचावे.