चाळिशीतली जे-24 : 19 महिन्यांनंतर

आम्ही तिघांनी भागीत घेतलेली ही बोट मागच्याच्या मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या अपोलो बंदरासमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला, बांधली. जे-24 म्हणजे 7.32 मीटर लांबीची, साधारण 1400 किलोंची फायबरची शिडाची बोट. रॉड जॉन्स्टनने पहिली घरच्या गॅरेजात बांधली, 1977 पासून ती कारखान्यातून निघू लागली आणि आजवर पाच हजारांच्या वर झाल्या. त्यामुळे जुनी बोट आवाक्यात मिळते. चालते कशी हे आधीच सांगून टाकतो : झकास. दुपारी वायव्येचा वारा भरला की ती अशी झेपावते की तिचं वय आठवत नाही, आपलंही नाही. पुढचं सगळं तिच्या पोटातल्या पाण्याबद्दल आहे.

पहिला सीझनभर तळाशी पाणी साचायचं. रोज अर्धी बादली, जोराचं सेलिंग झालं तर दोन. चव खारट. शिशाची कील, म्हणजे बोटीच्या पोटाखालचा वजनदार पंख, खालून बोल्टांनी बसवलेली असते आणि जुन्या बोटीत तो सांधा हलतो, हे ऐकून होतो. म्हणून मेमध्ये बोट वर काढली, सांधा खरवडून नव्याने भरला, नट आवळले, क्रेनसकट 38 हजार मोजले. मग पावसाळ्यासाठी बोट ताडपत्रीने शाकारली आणि निर्धास्त झालो.

जुलैत पाहायला गेलो. ताडपत्री एका कडेने फाटलेली आणि आत घोटाभर पाणी. जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत! हाताचं बोट बुडवून चाखलं तर गोडं. रंग कोऱ्या चहाचा. तिथे होड्यांची कामं करणारे उरणकडचे एक म्हातारे सुतारकाका होते. त्यांनी पान्याची मूठ डेकवर ठोकत एक फेरी मारली. काही ठिकाणी टणटण, काही ठिकाणी फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज. “कील कशाला खोललीस? पाणी वरनं येतंय,” एवढंच म्हणाले. पहिल्या सीझनचं खारं पाणीही लाटांच्या तुषारांचं, त्याच भोकांतून आलेलं.

या बोटीचा डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्साचं लाकूड. हलका आणि ताठ, पण दोर अडकवायची प्रत्येक क्लीट, दोर ओढायचा विंच, रेलिंगचा पाय त्याला भोक पाडूनच बसवलेला. वर्षानुवर्षांत भोकातलं सीलंट सुकतं, पाणी बाल्सापर्यंत पोचतं आणि लाकूड कुजतं. त्या चहाचा रंग कुजलेल्या बाल्साचा होता. आधीच्या मालकाने प्रत्येक गळतीवर वरून सिलिकॉन फासलं होतं. त्याने पाणी थांबत नाही, आणि त्याचा अंश राहिला तर पुढे त्यावर रंग धरत नाही की इपॉक्सी (हार्डनर कालवला की कडक होणारं रसायन).

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी केलं, कारण मुंबईत त्याच महिन्यांत हवा जरा कोरडी असते. फिटिंग काढायचं, भोक मोठं करायचं, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आजूबाजूचा बाल्सा कोरून काढायचा, आतली जागा सुकू द्यायची, घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच नवीन भोक पाडायचं. मग फिटिंगखाली ब्यूटाइलची चिकट रबरी टेप. अशी 43 भोकं झाली. डोलकाठीजवळचा दीड हात लांबीचा तुकडा मात्र वरचा थर कापून उघडावा लागला. आतलं लाकूड भिजलेल्या खारी बिस्किटासारखं चमच्याने निघालं.

इपॉक्सीचा धडा महागात शिकलो. पहिल्या दिवशी आळस करून अर्धा किलो एकाच डब्यात कालवलं. दहा मिनिटांत डबा धुमसायला लागला. आता थोडंथोडं कालवतो, लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो आणि हार्डनर सावकाशीचाच घेतो. दमट दिवशी सुकलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारायचा नाही, नाहीतर पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. हे दुकानदार सांगत नाही.

बाकीचं थोडक्यात. डोलकाठीच्या तारा किती जुन्या ते कुणालाच सांगता येईना, म्हणून सगळ्या बदलल्या, त्यात घासाघीस केली नाही. ॲल्युमिनियमच्या काठीत घुसवलेले स्टीलचे स्क्रू पांढरी भुकटी धरून जाम झाले होते, दोन तुटलेच. तळाला अँटिफाउलिंग, म्हणजे शिंपले-शेवाळ धरू न देणारा, रंग लावूनही दर तीन आठवड्यांनी खरवडावं लागतं, हार्बरच्या पाण्यात कालवं काय वेगाने धरतात! शिडं जुनीच आहेत, रेसला नाही पण एरवी चालतात.

दीड लाख धरले होते, पहिले 38 हजार सोडून दोन लाख दहा झाले. मजुरी आमचीच, रविवार आमचेच, आणि घरची बोलणीही. फेब्रुवारीपासून तळ जवळपास कोरडा. डोलकाठी डेकमधून खाली जाते तिथून थेंब येतात, त्याला रबराची पट्टी बांधली आहे, बघू. घेणाऱ्याने सोबत पान्याची मूठ न्यावी, पूर्ण डेक ठोकून बघावा, आणि मालक घाई करत असेल तर चहा प्यायला थांबावं.

परवा पुन्हा शाकारली, या वेळी दोन ताडपत्र्या. उजव्या विंचमागे अजून एक वीतभर जागा बद्द वाजते. ती ऑक्टोबरनंतर उघडायची.