कार्ब 'ट्यून' करून देतो म्हणाला, आणि कार्बच बदलला

पप्पांची १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल अजून घरात आहे. १९९६ ला कंपनीने हे मॉडेल बनवणं बंद केलं आणि तेव्हापासून तिचा प्रत्येक ओरिजिनल पार्ट चढ्या भावात जातोय. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी गंडलो.

गेल्या दिवाळीत बोनस हातात आला आणि एक्स्पान्शन चेंबरचं, म्हणजे गाडीची ताकद वाढवणाऱ्या फुगीर सायलेन्सर पाइपचं, खूळ डोक्यात शिरलं. साडेसहा हजारांचा पाइप आणला, कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर टाकला. टू-स्ट्रोकला असा पाइप बसला की इंजिन जास्त हवा ओढतं. हवेत पेट्रोल मिसळतो तो कार्बोरेटर, म्हणजे कार्ब, आणि त्यात किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा बारीक भोकाचा तुकडा म्हणजे जेट. जेट जुनाच राहिला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून कार्बोरेटर नव्याने सेट करणं आलंच. एका मित्राने कोल्हापुरातलाच एक मिस्त्री सुचवला.

"भावा, ठेवून जा गाडी. मेन जेट, नीडल, पायलट, सगळं जपान माल टाकतो."

दोन दिवसांनी गेलो तर कार्ब चकाचक. म्हटलं, काय घासलाय! बिल ४,८०० रुपये. जुने जेट मागितले, तर म्हणाला, "लोणचं घालणार हाईस काय त्याचं?" दुकानातली पोरं हसली, मीही हसलो आणि पैसे देऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी कागलच्या पुढं हायवेला, ऐंशीच्या आसपास, इंजिनचा आवाज एकदम आवळल्यासारखा झाला आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबला म्हणून वाचलो. मिस्त्रीला फोन केला, तर त्यानं पेट्रोलसोबत जळणाऱ्या ऑइलवर ढकललं, "टूटी ऑइल हलकं घातलं असशील."

गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोक चुन्यासारखं पांढरं. "तांबूस पायजे हे. काळं ओलं आलं तर पेट्रोल जास्त, पांढरं आलं तर कमी. पाइप बदलल्यावर फुल थ्रॉटलला पळवायची, क्लच दाबून तिथंच बंद करायची आणि प्लग बघायचा. त्यानं बघितला व्हता?" कुठला बघतोय! गाडी दुकानाबाहेर उभ्या उभ्या रेस करून दाखवली होती. उभ्या गाडीला रेस देऊन मेन जेटचं काही कळत नाही. तो खरा कामाला लागतो थ्रॉटल पाऊण उघडल्यावर.

मग त्यांनी कार्ब खोलला. मेन जेट काढून भिंग दिलं. मिकुनी ही कार्ब बनवणारी जपानी कंपनी. तिच्या अस्सल जेटवर चौकोनात चौकोन असा बारीक छाप असतो. यावर नुसता आकडा, तोही तिरका, आणि भोक तारेने कोरल्यासारखं ओबडधोबड. म्हणजे त्या आकड्यालाही काही अर्थ नाही. मला वाटलं जेटच नकली दिलेत. तेवढ्यात माझी नजर खालच्या वाटीच्या स्क्रूंवर गेली. पप्पांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका स्क्रूचा माथा झिजला म्हणून तिथं ॲलन बोल्ट बसवला होता. लहानपणी त्याची ॲलन चावी त्यांच्या हातात मीच द्यायचो. इथं सगळे स्क्रू एकसारखे, नवे कोरे. कार्ब घासला नव्हताच. आमचा ओरिजिनल मिकुनी काढून घेऊन हजार-बाराशेचा डुप्लिकेट चढवला होता, आणि वर ४,८०० माझ्याकडूनच घेतले.

पहिल्या मिस्त्रीकडे परत गेलो. ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "फोटो हाय काय?" फोटो नव्हता. बिलही कच्च्या कागदावरचं, त्यावर फक्त 'कार्ब काम'. पोलिसात काय सांगणार, एक स्क्रू वेगळा होता म्हणून?

सिलिंडर बोअर करणं, म्हणजे आतून घासून मोठा करणं, आणि त्यात बसणाऱ्या ०.५० ओव्हरसाइज पिस्टनचा खर्च वेगळा झाला. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी गाडी घेण्याआधी मलाच कार्बचा, मॅग्नेट कव्हरचा, इंजिन नंबरचा फोटो काढायला लावला. माझ्यासमोर कार्ब खोलला आणि निघालेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून दिला. न मागता. एक्स्पान्शनही काढायला लावला, "पोलीस धरत्यात ते धरत्यात, आणि ह्या कार्बवर तो चालायचा न्हाई."

पिस्टन धरला हे पप्पांना माहीत आहे. कार्बचं अजून सांगितलेलं नाही. परवा रविवारी गाडी पुसताना त्यांनी ॲलन चावी मागितली. मी म्हटलं, सापडत नाही.