ड्राइव्हट्रेन अकाली झिजल्यास: वॉरंटीचा दावा की स्वखर्चाने बदल?

नवी माउंटन बाइक घेऊन पहिला हंगामही पुरता सरलेला नसतो आणि चढावर जोर लावताच साखळी दात्यांवरून सटकू लागते. मेकॅनिक तपासून सांगतो की साखळी, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि बहुधा चेनरिंगही (पेडलजवळची दातेरी चकती), म्हणजे जवळजवळ सगळी ड्राइव्हट्रेन, बदलावी लागेल. इतक्या लवकर हे व्हायला नको होते, अशी मालकाची खात्री असते. ही नेहमीची झीज आहे, असे विक्रेत्याचे म्हणणे असते. अशा वेळी वॉरंटीचा दावा लावून धरायचा की स्वतःच्या खर्चाने भाग बदलून सायकल पुन्हा वापरात आणायची, हे ठरवावे लागते. माझे मत आरंभीच नोंदवतो: झिजेमागचे एखादे ठोस कारण दाखवता येत असेल, आणि ते कारण जुळणीत किंवा भागाच्या घडणीत असेल, तर दावा अवश्य करावा, दाखवण्याजोगी केवळ झीजच असेल, तर दाव्यात वेळ घालवू नये.

याचे कारण वॉरंटीच्या अटींतच आहे. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो या कंपनीच्या बहुतेक भागांना 2 वर्षांची आणि एक्सटीआर व ड्युरा-एस या वरच्या श्रेणींना 3 वर्षांची वॉरंटी असते. असेच भाग बनवणाऱ्या स्रॅम या कंपनीची वॉरंटी 2 वर्षांची आहे. दोन्हीकडे हमी मिळते ती साहित्यातील आणि घडणीतील दोषाविरुद्ध, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून स्पष्टपणे वगळलेली असते. स्रॅमच्या अटींत साखळी, स्प्रॉकेट (कॅसेटमधली एकेक दातेरी चकती), कॅसेट आणि जॉकी व्हील (मागच्या गिअर-यंत्रणेतली साखळीची छोटी चाके) हे झिजणारे भाग म्हणून नावानिशी दिलेले आहेत. साखळी अमुक किलोमीटर टिकेलच, असे आश्वासन या अटींत नसते. त्यामुळे ‘अकाली’ या शब्दाला मालकाच्या मनात कितीही वजन असले, तरी अटींच्या भाषेत त्याला मोजमाप नाही. ‘साखळी फार लवकर झिजली’ एवढ्याच शब्दांत मांडलेला दावा बहुधा पहिल्याच उत्तरात फेटाळला जातो, आणि अटी पाहता विक्रेत्याला त्यात खोटेपणाचा दोष देता येत नाही.

म्हणून मार्ग निवडण्याआधी झीज मोजली पाहिजे. साखळी ताणली जाते असे आपण बोलताना म्हणत असलो, तरी तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. पिन आणि आतल्या पट्टीचा तिच्यावर फिरणारा भाग एकमेकांवर घासून प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते आणि सगळ्या फटींची बेरीज लांबीत दिसते. सायकलच्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. नव्या साखळीत 24 अंतरांची लांबी 304.8 मिलिमीटर भरते. हीच लांबी 306.3 मिलिमीटर झाली तर वाढ 0.5 टक्के, आणि 307.8 मिलिमीटर झाली तर 1 टक्का. अकरा आणि बारा गिअरच्या साखळ्या साधारणपणे 0.5 टक्क्यांवर बदलण्याचा प्रघात आहे. स्रॅम आपल्या बारा गिअरच्या ईगल मालिकेतील साखळ्यांसाठी 0.8 टक्क्यांची मर्यादा सांगते. बाजारातील अनेक साधे चेन चेकर दोन टोकांवर टेकतात आणि रोलरची सैल हालचालही वाढ म्हणून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. वाद होण्याची शक्यता असेल तेव्हा तीन ठिकाणी टेकणारे मापक, उदाहरणार्थ शिमानोचे टीएल-सीएन42 किंवा पार्क टूलचे सीसी-4, वापरावे, अथवा साखळी ताणून धरून पोलादी पट्टीने मोजावे. हे माप दुकानातच, मेकॅनिकच्या समक्ष घेऊन लिहून घेतले तर पुढे त्या आकड्यावर वाद उरत नाही.

या एका आकड्यावरून बरेच काही ठरते. साखळीची वाढ 1 टक्क्याच्या पुढे गेलेली असेल आणि सर्वाधिक वापरातल्या तीन-चार स्प्रॉकेटचे दाते हुकासारखे वळलेले असतील, तर झिजलेल्या साखळीने कॅसेट खाल्ली, एवढाच त्याचा अर्थ निघतो. अशा स्थितीत साखळी वेळेत बदलली नाही हे विक्रेत्याचे उत्तर योग्य ठरते आणि दाव्याला आधार उरत नाही. याउलट साखळी अजून 0.5 टक्क्यांच्या आत असताना एखाद्याच स्प्रॉकेटचे दाते मात्र मोडले किंवा दबले असतील, तर त्या स्प्रॉकेटच्या धातूविषयी किंवा उष्णतासंस्काराविषयी शंका घेण्यास जागा आहे. कॅसेटचे रिव्हेट सैल होणे, साखळीच्या पट्टीला तडा जाणे, स्प्रॉकेट मुळातच वाकडे असणे, डिरेलरचा (साखळी एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) सांधा थोड्याच वापरात खिळखिळा होणे, या सर्व गोष्टी घडणीतील दोषात बसू शकतात आणि त्यांचे दावे लागू पडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

तिसरी शक्यता सर्वांत दुर्लक्षित राहते, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वाधिक लक्ष दिले पाहिजे: भाग निर्दोष असतात, परंतु सायकल चुकीची जुळवलेली असते. स्रॅमच्या थेट क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसणाऱ्या चेनरिंगचे उदाहरण पाहू. 148 मिलिमीटर रुंदीच्या ‘बूस्ट’ प्रकारच्या मागील हबसाठी (चाकाच्या मध्यभागासाठी) 3 मिलिमीटर ऑफसेटची, म्हणजे दाते तितके आत सरकलेली, चेनरिंग लागते आणि तिच्यामुळे चेनलाइन, म्हणजे सायकलीच्या मध्यरेषेपासून दात्यांचे अंतर, सुमारे 52 मिलिमीटरवर येते. तिच्या जागी 6 मिलिमीटर ऑफसेटची बसवली गेली तर चेनलाइन सुमारे 49 मिलिमीटरवर, म्हणजे 3 मिलिमीटर आत सरकते. सायकल चालते, गिअरही पडतात, पण साखळी लहान स्प्रॉकेटवर असताना नेहमीपेक्षा जास्त तिरकी धावते आणि दात्यांची एकच बाजू घासली जाते. चेनरिंगच्या दात्यांवर एका बाजूस लख्ख चमक आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ नवा पृष्ठभाग दिसला, तर सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) मध्यापासून चेनरिंगच्या दात्यांपर्यंतचे अंतर कॅलिपरने मोजून सायकलीच्या तांत्रिक तपशिलाशी ताडून पाहावे. साखळीची लांबी चुकीची असणे, किंवा बारा गिअरच्या एका पद्धतीच्या कॅसेटवर दुसऱ्याच पद्धतीची साखळी बसवलेली असणे, हीसुद्धा जुळणीची चूक आहे. अशा वेळी दाव्यात साखळी झिजल्याची तक्रार दुय्यम ठेवावी आणि ‘चेनरिंग तपशिलाप्रमाणे बसवलेली नव्हती, त्यामुळे ही झीज झाली’ असे लिहावे. झीज वॉरंटीबाहेर राहते, पण चुकीच्या जुळणीचा परिणाम म्हणून आलेली झीज विक्रेत्याच्या किंवा सायकल बनवणाऱ्या कंपनीच्या पदरात टाकता येते.

विक्रीच्या वेळचा तपशीलही एकदा काढून वाचावा. अनेक तयार सायकलींवर नजरेत भरणारा मागचा डिरेलर वरच्या श्रेणीचा असतो आणि साखळी व कॅसेट खालच्या श्रेणीच्या असतात. हे तपशिलात लिहिलेले असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु तपशिलात एक श्रेणी आणि सायकलीवर दुसरी असेल, तर वॉरंटीच्या वादात न शिरता सांगितलेला माल दिला नाही एवढाच मुद्दा पुरेसा होतो.

कारण शोधताना प्रामाणिकपणाही हवा, कारण सापडलेले कारण कधीकधी मालकाकडेच बोट दाखवते. पडल्यामुळे वाकलेला डिरेलर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमवरचा तुकडा) साखळीला सतत तिरकी चालवतो, आणि डिरेलरच्या बाहेरच्या अंगावरचे ओरखडे ती कथा मेकॅनिकला लगेच सांगतात. जास्त ओतलेल्या तेलात अडकलेली बारीक वाळू साखळीच्या सांध्यांत घासकागदासारखी काम करते. चिखलातल्या प्रत्येक फेरीनंतर साखळी पुसली गेली नसेल, किंवा उच्च दाबाच्या पाण्याने धुऊन ती कोरडी न करता तशीच ठेवली असेल, तर गंजाचे ठिपके रोलरच्या आत दिसतात. आपल्या फेऱ्यांची नोंद अॅपवर असेल तर ती दुधारी ठरते: कमी अंतर दाव्याला बळ देते, पण तीच नोंद चढाईचा आणि पावसाळी दिवसांचा हिशेबही समोर ठेवते. मोटर असलेल्या माउंटन बाइकच्या मालकांनी आणखी सावध राहावे. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपी8 या मोटरी 85 न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देऊ शकतात. पायांच्या जोराबरोबर हा जोरही त्याच साखळीतून जातो, आणि जोर चालू असताना गिअर बदलले की दाते झपाट्याने खराब होतात. अशा सायकलीवर लवकर झालेली झीज दोषाचा पुरावा म्हणून उभी करणे फारच अवघड आहे.

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवू. दाव्याच्या मार्गात पैसा वाचण्याची शक्यता आहे, पण त्यासाठी वेळ आणि पुरावा द्यावा लागतो. भाग काढून तपासणीसाठी पाठवले गेले तर तितके दिवस सायकल उभी राहते, आणि दरम्यान ती चालवत राहिलो तर पुरावाच बदलतो. दावा साधारणपणे जिथून सायकल घेतली त्याच विक्रेत्यामार्फत आणि मूळ खरेदीच्या पावतीसह करावा लागतो. स्वखर्चाच्या मार्गात सायकल लवकर रस्त्यावर येते, भाग स्वतःच्या पसंतीने निवडता येतात आणि कोणाशी वाद घालावा लागत नाही. मात्र झिजेचे मूळ कारण तसेच राहिले, तर नव्या भागांचीही तीच गत होते. म्हणूनच पैसे स्वतः घालणाऱ्यानेही हँगरची सरळता आणि चेनलाइन तपासल्याशिवाय नवी साखळी चढवू नये.

या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे आणि ती बऱ्याचदा सर्वांत फायद्याची ठरते. दोष सिद्ध होत नाही पण शंका रास्त आहे, अशा वेळी विक्रेत्याकडे सद्भावना म्हणून सवलत मागता येते: कॅसेट त्याने द्यावी आणि साखळीचे पैसे आपण द्यावेत, किंवा बसवण्याची मजुरी त्याने सोडावी. अशी मागणी दावा फेटाळल्यानंतर चिडून करण्यापेक्षा पहिल्याच भेटीत, मोजमापांसह आणि शांतपणे केल्यास मान्य होण्याचा संभव अधिक असतो. सायकल नियमित सर्व्हिसिंगला त्याच दुकानात जात असेल तर हा मार्ग मी सर्वप्रथम सुचवेन.

कंपनीची वॉरंटी आणि ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही दावा करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. युरोपीय संघाच्या 2019/771 या निर्देशानुसार वस्तू हाती आल्यापासून किमान एक वर्षात उघड झालेली उणीव मुळातच होती असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याला दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये 2015च्या ग्राहक हक्क कायद्यात हा काळ सहा महिन्यांचा आहे. अमेरिकेत 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग बसवला म्हणून सरसकट वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र हे कायदेही नेहमीच्या झिजेला उणीव मानत नाहीत, त्यामुळे तिथेही कारण दाखवण्याच्या तयारीला पर्याय नाही.

स्वखर्चाचा मार्ग निवडल्यास पुढचा प्रश्न किती भाग बदलायचे हा येतो. एकट्या साखळीवर भागत असेल तर उत्तमच, पण जुन्या कॅसेटवर नवी साखळी चढवून प्रत्येक गिअरमध्ये सुरक्षित जागी जोर लावून पाहावे. ज्या स्प्रॉकेटवर साखळी सटकते ते संपलेले आहे. चेनरिंग बऱ्याचदा आणखी एका साखळीपुरती टिकते, म्हणून तीही बदलावीच असा आग्रह आल्यास दाते पाहून निर्णय घ्यावा. कॅसेट नवी घ्यायची झाल्यास वजन आणि टिकाऊपणा यांत निवड करावी लागते. स्रॅमच्या जीएक्स ईगल कॅसेटमध्ये सर्वांत मोठे स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचे आणि बाकीची पोलादाची असतात. त्याच कुळातील एनएक्स पूर्ण पोलादी आणि वजनाने जड आहे, पण तीव्र चढांवर सतत मोठ्याच स्प्रॉकेटवर राहणाऱ्यासाठी पोलाद अधिक टिकते. तिचे सर्वांत लहान स्प्रॉकेट 11 दात्यांचे आहे आणि ती जुन्या एचजी पद्धतीच्या फ्रीहबवर (मागच्या हबच्या कॅसेट धरणाऱ्या भागावर) बसते, तर 10 दात्यांचे स्प्रॉकेट असलेल्या कॅसेटना एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो. म्हणजे कॅसेटची पद्धत बदलायची तर फ्रीहब बॉडीचा खर्चही धरावा लागेल. 10 दात्यांच्या स्प्रॉकेटवर भार कमी दात्यांत वाटला जातो आणि साखळी जास्त कोनात वळते, त्यामुळे ते लवकर झिजते. सपाट रस्त्यावर बराच वेळ सर्वांत लहान स्प्रॉकेटवर घालवणाऱ्याने मोठी चेनरिंग घेऊन साखळी मधल्या स्प्रॉकेटवर आणण्याचा विचार करावा.

दाव्याचा मार्ग निवडल्यास क्रम महत्त्वाचा आहे. सायकल चालवणे थांबवावे. न पुसता छायाचित्रे घ्यावीत, मग स्वच्छ करून पुन्हा घ्यावीत. साखळीचे माप, चेनलाइन आणि सर्व भागांवरचे मॉडेल क्रमांक लिहून ठेवावेत. जुने भाग विक्रेत्याकडे टाकून येऊ नयेत. दावा लेखी द्यावा आणि नकार आलाच तर तो कोणत्या अटीखाली आणि कोणत्या निरीक्षणावरून दिला, हे लेखी मागावे. ‘झीज आहे’ एवढेच उत्तर आले आणि चुकीच्या ऑफसेटच्या मुद्द्यावर काहीच म्हटले नसेल, तर त्या एकाच मुद्द्याचे उत्तर पुन्हा मागावे. इतर तक्रारी त्यात मिसळू नयेत.

सायकल दुसऱ्याकडून जुनी घेतलेली असेल तर हा सगळा विचार बहुधा आटोपता घ्यावा लागतो, कारण स्रॅम आणि शिमानो या दोघांची वॉरंटी मूळ खरेदीदारापुरतीच आहे. अशा मालकाने घेण्यापूर्वीच साखळीचे माप काढावे आणि ती मर्यादेबाहेर असेल, तर साखळी व कॅसेटचा खर्च सायकलीच्या ठरलेल्या किमतीतून वजा करून घ्यावा.