उत्पादकाला उलट निरोप कसा द्यावा: पायथॉनमधील जनरेटर की दोन क्यू?

मोठी सीएसव्ही फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचून डेटाबेसमध्ये भरायची, आणि डेटाबेसवर ताण आला की वाचणाऱ्या कोडला, म्हणजे उत्पादकाला, ‘पुढचा तुकडा लहान दे’ असे सांगायचे, एवढेच मला हवे होते. आधी मी वेगळा थ्रेड (सोबतीने चालणारी कामाची दुसरी धार) आणि दोन क्यू (रांगा) अशी मांडणी केली आणि ती काही महिने वापरली. आज तेच काम जनरेटर (एकेक मूल्य देऊन मध्ये थांबणारे फंक्शन) आणि त्याची सेंड ही, त्याला बाहेरून मूल्य पाठवणारी मेथड करते.

दोन क्यूंची मांडणी समजायला सोपी आहे, कारण एकीतून तुकडे येतात आणि दुसरीतून निरोप परत जातात. मेमरी आटोक्यात राहावी म्हणून मी पहिलीला 10 तुकड्यांची मर्यादा घातली होती. मात्र निरोप पोहोचेपर्यंत जुन्या मापाचे तुकडे रांगेत उभे असत आणि ते संपवल्यावाचून गत्यंतर नसे. हे मी चालवून घेतले. चालवून घेता आले नाही ते असे, की एका रात्री चुकीच्या तारखेमुळे ग्राहकाच्या, म्हणजे डेटाबेसमध्ये भरणाऱ्या कोडच्या, बाजूला एक्सेप्शन (त्रुटी) आले, ट्रेसबॅक (त्रुटीचा तपशील) छापला गेला, आणि तरीही सकाळी प्रोग्राम चालूच दिसत होता. उत्पादकाचा थ्रेड भरलेल्या क्यूसमोर ‘पुट’वर, म्हणजे तुकडा रांगेत टाकताना, अडकला होता आणि पलीकडे घेणारे कोणी उरलेच नव्हते. थ्रेड डीमन (मुख्य प्रोग्राम संपला की थांबणारा) केला तर प्रोग्राम संपतो, परंतु मग त्या थ्रेडमधला ‘फायनली’ (शेवटी आवरासावर करणारा भाग) चालेल याची खात्री राहत नाही. पायथॉन 3.13 मध्ये क्यूला शटडाउनची (क्यू बंद करून अडकलेल्यांना सोडवण्याची) सोय मिळाली आहे. ती आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांचा हा त्रास बराच हलका व्हावा.

जनरेटरला सेंड 2006 सालच्या पायथॉन 2.5 पासून आहे. जनरेटरमधला ‘यील्ड’ ज्या ओळीवर तुकडा देतो त्याच ओळीवर उत्तर घेतो, त्यामुळे लगेच पुढचा तुकडा नव्या मापाचा येतो. ग्राहक मध्येच थांबला तर क्लोज केल्यावर त्याच ‘यील्ड’पाशी जनरेटरएक्झिट हे एक्सेप्शन उठते आणि ‘फायनली’ चालून फाइल बंद होते. क्लोज विसरू नये म्हणून मी जनरेटर ‘क्लोझिंग’मध्ये (काम संपताच आपोआप क्लोज करणाऱ्या साधनात) गुंडाळतो. याच्याही खोडी आहेत. पहिल्या वेळी नेक्स्ट करून त्याला पहिल्या ‘यील्ड’पर्यंत आणावे लागते, नाहीतर सेंडने मूल्य पाठवताच टाइपएरर येते. त्याहून जपण्याची गोष्ट म्हणजे सेंड स्वतःच पुढचा तुकडा परत देते. ‘फॉर’ लूपमध्ये ती नुसती बोलावून परत आलेले मूल्य घेतले नाही, तर तो तुकडा मुकाट्याने गळतो. म्हणून येथे ‘व्हाइल’ लूपच लिहावा.

तुमचा उत्पादक नेटवर्कवर ताटकळत असेल, किंवा एकाच स्रोतावर अनेक थ्रेड काम करणार असतील, तर माझा आग्रह नाही. एकच जनरेटर दोन थ्रेडनी एकाच वेळी चालवायला घेतला तर व्हॅल्यूएररच मिळते. एक वाचणारा आणि एक भरणारा एवढाच संसार असेल, तर मी थ्रेडच्या वाटेला जाणार नाही.