दहा रुपयांची थाळी: बसस्थानकाजवळच्या शिवभोजन केंद्राचा अनुभव

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात महिला बचत गटाने चालवलेल्या एका शिवभोजन केंद्रात मी गेले काही महिने अधूनमधून दुपारचे जेवण घेत आहे. तेथे येणाऱ्या बहुतेकांपुढे एका वेळच्या जेवणाचा प्रश्न असतो, त्यामुळे या केंद्राचे मूल्यमापन करताना चवीइतकाच पोट भरण्याचाही विचार व्हायला हवा, असे मला वाटते.

आधी चवीविषयी. चपात्या मऊ आणि बहुधा गरम असतात, भात मोकळा शिजवलेला असतो आणि ज्या दिवशी मटकीची उसळ असते त्या दिवशी कांदा-लसूण मसाल्याचा वास दारापर्यंत येतो. वरण मात्र गर्दीच्या शेवटी पातळ होत जाते. उशिरा येणाऱ्याला डाळीपेक्षा पाणीच जास्त मिळते आणि हा दोष केंद्राने दूर करायलाच हवा. ताटे व भांडी स्वच्छ असतात. वाढणाऱ्या मावशी वयस्कर हमालांना 'मामा' म्हणून हाक मारतात, कोणाला घाई करत नाहीत आणि दहा रुपये देणाऱ्याला गिऱ्हाइकाचाच मान देतात. फुकट वाटल्या जाणाऱ्या अन्नापेक्षा ही पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते.

राज्य शासनाने शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू केली. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असे थाळीचे प्रमाण ठरवण्यात आले. शहरी भागात एका थाळीची किंमत ५० रुपये धरलेली असून ग्राहकाच्या दहा रुपयांव्यतिरिक्त उरलेले ४० रुपये केंद्रचालकाला अनुदान म्हणून मिळायचे असतात. हे अनुदान लांबले की किराणा उधारीवर आणावा लागतो आणि बचत गटासारख्या लहान संस्थेला तो भार फार काळ पेलत नाही.

माझा मुख्य आक्षेप थाळीच्या वजनाला आहे. माझ्या ढोबळ हिशेबाने या जेवणातून साधारण साडेपाचशे किलोकॅलरी ऊर्जा मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० आणि कष्टाचे काम करणाऱ्याला ३,४७० किलोकॅलरींची गरज असते. म्हणजे कार्यालयात बसणाऱ्या माणसाची दिवसाची पाव गरज ही थाळी भागवते, तर शाहू मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणाऱ्याच्या गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा तिच्यातून भागतो. योजना ज्याच्यासाठी आहे, त्यालाच ती सर्वांत तोकडी पडते. अनेक जण जेवून उठल्यावर बाहेरच्या गाड्यावर वडापाव घेताना दिसतात.

आणखी दोन चपात्या आणि दाट वरण दिले तर खर्च किती वाढेल, हे काढणे अवघड नाही. पण रांगेतील माणसे उरलेल्या दोन वेळा काय खातात, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची सोपी प्रश्नावली उपलब्ध आहे. पैशांअभावी अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, इथपासून दिवसभर काहीच न खाता राहावे लागले का, इथपर्यंत ती जाते. शिवाजी विद्यापीठातील समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांनी बचत गटाच्या महिलांना सोबत घेऊन हे प्रश्न शहरातील केंद्रांवर विचारले, तर अनुदान मागताना हातात ठोस आधार असेल. रांगेतल्या माणसांना या महिला नावानिशी ओळखतात, आणि अनोळखी पाहणीदाराला जे उत्तर मिळणार नाही ते त्यांना मिळू शकेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. त्यांच्या संस्थानच्या राजधानीत थाळी वाढवण्याची ही मागणी कोणाला अनाठायी वाटू नये.

नोंदीसाठी जेवणाऱ्याचे छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक घेतला जातो. बनावट नोंदी रोखण्यासाठी काही व्यवस्था हवी, हे मान्य. तरीही ताटावर बसताना छायाचित्र काढून घेणे अनेकांना अवघड वाटते, विशेषतः बायकांना. त्यामुळे कोणी परत फिरत असेल, तर तोही वरच्या पाहणीत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

केंद्र दुपारपुरतेच उघडे असते. सीपीआर रुग्णालयात रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकांना आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मजुरांना संध्याकाळी अशी सोय हवी असते. सध्या ज्यांना जायचे आहे त्यांनी शक्यतो लवकर जावे, म्हणजे चपाती गरम आणि वरण दाट मिळेल.