सफेल यूएस-०५ यीस्ट: पुडी झकास, पण स्ट्राँग बीअरला एक पुरत नाही

मी मिशिगनला असतो, बेसमेंटमध्ये पाचेक वर्षं घरची बीअर करतोय. बीअर आंबवणाऱ्या यीस्टच्या, फर्मेंटिस कंपनीच्या या साडेअकरा ग्रॅमच्या पुडीवर आतापर्यंत दहा-बारा बॅच झाल्या असतील, त्यामुळे हा रिव्ह्यू पहिल्या घोटाचा नाही. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो खरं म्हणजे माझाच कापायला हवा, का ते सांगतो.

साधी पेल एल (फिकट रंगाची बीअर) असेल, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारा दाटपणा; पाणी १.०००, यीस्ट साखर खाईल तसा आकडा उतरतो) १.०४५ च्या आसपास, २० लिटर, तर एक पुडी आरामात काम करते. चव एकदम स्वच्छ, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) यांच्या मधे ती येतच नाही. तळाशी बसायला थोडा वेळ घेते, म्हणून बाटल्या भरायची घाई करू नका. मीही याच भरवशावर मागच्या हिवाळ्यात इंपीरियल स्टाउट, म्हणजे काळी कडक बीअर, करायला गेलो, ग्रॅव्हिटी १.०९०, आणि सवयीने एकच पुडी टाकली. दीड दिवस एअरलॉकमधे (गॅस बाहेर सोडणारं बूच) एक बुडबुडा नाही, मग कसंबसं सुरू झालं आणि १.०४२ ला येऊन जे बसलं ते बसलंच. फर्मेंटर (बीअर आंबते ते भांडं) हलवून बघितला, खोली गरम करून बघितली, वेगळं स्टार्टर (थोड्या गोड पाण्यात आधी वाढवलेलं यीस्ट) फसफसतं असताना ओतलं, तेव्हा कुठे १.०३४ पर्यंत खाली आलं. प्यायला गोडमिट्ट, वर नेलपॉलिशसारखा वास. १८ लिटर गेली गटारात.

त्यात यीस्टचा काही दोष नाही हां, लिटरमागे अर्धा ते ०.८ ग्रॅम असं प्रमाण कंपनीच सांगते, मी तेच धरलं होतं पण अगदी खालच्या टोकाचं. तेव्हा आई इथे आली होती, तिला मी सगळी रडकथा सांगितली तर म्हणाली, "अरे पातेलंभर दुधाला नखभर विरजण लावलंस तर दही कसं लागेल, आणि त्यात तुमच्याकडची ही थंडी, मी तर इथे दुप्पट लावते." आयुष्यात दारूला हात न लावलेली बाई, पण मुद्दा बरोब्बर पकडला.

मग नीट हिशोब केला. एलसाठी (पेल एल, स्टाउट अशा बीअरसाठी) नियम असा की दर मिलीलिटरला, दर डिग्री प्लेटोमागे (हे साखरेचं प्रमाण मोजायचं एकक) यीस्टच्या साडेसात लाख पेशी. १.०९० म्हणजे साधारण साडेएकवीस प्लेटो, गुणिले २० लिटर, झाल्या ३२ हजार कोटी पेशी (बजेटचं भाषण ऐकतोय असं वाटलं). ग्रॅममागे किमान हजार कोटी जिवंत पेशी धरल्या तर ३२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन पुड्या. हा हिशोब सढळ हाताचा आहे, दोन पुड्यांवर भागवणारेही आहेत, पण इतक्या दाट साखरेत पडल्यावर पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, वर अल्कोहोल चढत जातं, अशात थोड्याच पेशी असतील तर त्यांना आधी पोरंबाळं वाढवावी लागतात आणि दमून मधेच बसतात.

दुसऱ्या वेळी तीन पुड्या. यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी उकळून २७ डिग्रीपर्यंत गार केलं, त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवल्या आणि मग ओतल्या. थेट वर्टवर (न आंबलेल्या गोड काढ्यावर) भुरभुरवल्या तरी चालतं असं कंपनी म्हणते, मी आपला जुन्या सवयीचा. दहा तासांत जोरात सुरू. इथे एक सांगून ठेवतो, एवढं यीस्ट टाकलं की उष्णता पण तेवढीच होते, बेसमेंट १७ ला होतं तरी फर्मेंटरवरची तापमानाची पट्टी २२ दाखवत होती, आणि फेस एअरलॉकमधून थेट छतापर्यंत. जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडा, मी ते केलं नव्हतं. नऊ दिवसांत १.०२२, अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या जवळ, आणि तो नेलपॉलिशचा वास अजिबात नाही.

पुडी पाच-सहा डॉलरला पडते, तीन घेतल्या की खिशाला जाणवतं. पण लिक्विड यीस्टचं पाकीट याहून महाग, त्यात साधारण दहा हजार कोटी पेशी, त्याही महिन्यागणिक कमी होणार, म्हणजे स्टार्टर करणं आलंच. मला एकदा एका दुकानातून चार महिने जुनं पाकीट मिळालं होतं, तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय काही घेत नाही, ही पुडी पण नाही.

पैसे वाचवायचे तर आता मी वेगळंच करतो. एका पुडीत आधी साधी पेल एल करायची, ती बाटल्यांत भरली की तळाचा यीस्टचा गाळ फेकायचा नाही, त्यातलाच निम्मा-अर्धा घेऊन त्याच दिवशी स्टाउट ओतायचा. गेल्या शनिवारी तसंच केलं, चार तासांत बुडबुडे. बादली या वेळी आधीच ठेवली होती, फक्त ती वॉशिंग मशीनसमोर ठेवल्यामुळे बायको तीन दिवस कपडे लावू शकलेली नाही.