केळी, इथिलीन आणि एक लॅपटॉप: एमडी करावं की मॉन्टे कार्लो?

रावेर-यावलची पोरं केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आली की प्रोजेक्टचा विषय बऱ्याचदा घरातूनच निघतो. केळी वाटेत पिकू नये म्हणून खोक्यात ठेवायच्या पुडीसाठी इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, शोषणारा झिओलाइट (अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिज) शोधायचा. मग अडतं ते सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावर रेणूंची नक्कल करण्यावर. मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे आपलं एमडी, घ्यायचं की मॉन्टे कार्लो?

विषय हाच असेल तर मॉन्टे कार्लो घ्या. एमडीकडे ओढा असतो तो व्हिडिओमुळे. पडद्यावर रेणू नाचताना दिसले की तोंडी परीक्षा निम्मी जिंकल्यासारखी वाटते.

एमडी न्यूटनची समीकरणं सोडवत एक-एक फेम्टोसेकंद (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे सरकतं. दहा लाख पावलं चाललात की झाला एक नॅनोसेकंद. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये द्रव आर्गॉनचे 864 अणू असेच चालवले होते. मॉन्टे कार्लोत घड्याळच नाही. रेणू उचला, कुठेही टाका, ऊर्जा मोजा. बोल्ट्झमनच्या हिशेबात (ऊर्जा जितकी जास्त, तितकी शक्यता कमी) बसलं तर राहू द्या, नाहीतर परत जागेवर. म्हणून ‘किती शोषलं जाईल’ हे मॉन्टे कार्लोला विचारायचं आणि ‘किती वेगाने सरकेल’ हे एमडीला.

आता केळीचा हिशेब करा. पिकणं सुरू व्हायला हवेत दहा लाखांत एखादा भाग इथिलीनही पुरतं. तीन नॅनोमीटर बाजूच्या बॉक्समध्ये साध्या दाबाला हवेचाच सरासरी एक रेणूसुद्धा भरत नाही, तिथे इथिलीनचा कुठून येणार? एमडी लावून वाट पाहत बसाल. त्यापेक्षा विडोम यांची 1963 ची युक्ती वापरा: रिकाम्या छिद्रांत इथिलीनचा रेणू लाखो वेळा नुसता टाकून पाहायचा, प्रत्येक वेळच्या ऊर्जेवरून निघणाऱ्या बोल्ट्झमन घटकाची सरासरी काढायची, की हेन्रीचा स्थिरांक, म्हणजे कमी दाबाला दाबाच्या प्रमाणात किती शोषलं जाईल तो आकडा, हातात. इतक्या विरळ वायूला तेवढा पुरतो आणि साध्या लॅपटॉपवर निघतो. रास्पा हे सॉफ्टवेअर याच कामाचं, आणि फुकट.

खरी डोकेदुखी पाण्याची. खोक्यातली हवा दमट असते आणि सोडियमवाला झिओलाइट इथिलीनच्या आधी पाणीच ओढतो. कोरड्या हवेचा आकडा देऊन मोकळं होणारे प्रोजेक्ट मी बरेच पाहिलेत. तो आकडा गोदामात उपयोगाचा नाही. पाणी धरलं की ग्रँड कॅनॉनिकल पद्धत (मॉन्टे कार्लोचाच प्रकार, यात रेणू आत टाकता आणि बाहेर काढता येतात) लागते, आणि छिद्रं पाण्याने भरत आली की नवा रेणू घुसवायचा जवळजवळ प्रत्येक प्रयत्न फेटाळला जातो. मॉन्टे कार्लो इथेच रडवतं. सिलिका जास्त असलेला, पाण्याला नको म्हणणारा झिओलाइट निवडलात तर त्रास कमी, आणि पुडीसाठीही तोच बरा.

घडावरच्या पॉलिथिनच्या पिशवीतून इथिलीन किती लवकर बाहेर पडेल, असा प्रश्न असेल तर मात्र एमडीला पर्याय नाही. रेणू मूळ जागेपासून किती सरकला त्याच्या वर्गाची सरासरी, म्हणजे सरासरी वर्ग विस्थापन, वेळेसोबत मांडून त्या रेषेचा चढ काढायचा, त्यातून विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचं माप). पण प्लास्टिकमध्ये रेणू एका पोकळीत अडकून बसतो आणि कधीतरी पुढच्या पोकळीत उडी मारतो, म्हणून रन लांब लागतात. ग्राफिक्स कार्ड नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि एमडीचं सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स असो की लॅम्प्स, चेकपॉइंट फाइल (अडलेला रन तिथूनच पुढे सुरू करता येईल अशी नोंद) लिहिली जातेय ना, ते पाहा. मे महिन्यात लाइट गेली आणि माझ्या तीन रात्री पाण्यात गेल्या, त्या याच आळसापायी.

नुसती वायूची घनता किंवा कॉम्प्रेसरचा हिशेब हवा असेल तर दोन्ही सोडा. वायूचा दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं पेंग-रॉबिन्सनचं 1976 चं समीकरण कॅल्क्युलेटरवर सुटतं.

बाजारातल्या जांभळ्या पुडीचं काय, असं गाइड विचारणारच. तिच्यात पोटॅशियम परमँगनेट असतं आणि ते इथिलीन शोषत नाही, त्याचं ऑक्सिडेशन करतं. बंध तुटतात, नवे जुळतात. नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये, म्हणजे अणूंमधली ऊर्जा सांगणाऱ्या सूत्रांत, बंध तुटायची सोयच नसते, त्यामुळे एमडीही नाही आणि मॉन्टे कार्लोही नाही. तिथे क्वांटम रसायन लागतं, आणि एका सेमिस्टरमध्ये ते उरकत नाही.